नारळाला हात न लावणारा उमेदवार

मोदकांचं ताट पुढे आलं की दंडवतकाका ते दोन्ही हातांनी धरत, निरखून पाहत आणि शेजारच्याकडे सरकवत म्हणत, "मला चालत नाही. पण कळ्या सुरेख पडल्यात."

करी रोडच्या आमच्या चाळीत गणपतीच्या दिवसांत हे वाक्य मी वीसेक वर्षं ऐकलं. त्यांची खोली आमच्यापासून दोन दारं सोडून. ते मूळचे फलटणकडचे. घराणं महानुभाव पंथाचं आणि त्यांनी स्वतः रीतसर उपदेश घेतलेला. पंथाच्या पाच कृष्णांखेरीज, म्हणजे पाच अवतारांखेरीज, दुसऱ्या देवतेची उपासना करायची नाही, तिचा प्रसाद खायचा नाही, दारू-मटणाला शिवायचं नाही. कुणी भेटलं की नमस्काराऐवजी "दंडवत" म्हणायचे. त्यामुळे सगळ्या चाळीचे ते दंडवतकाका झाले.

आरतीला ते कधी आले नाहीत. मंडपाच्या परवानगीचे अर्ज मात्र दरवर्षी तेच लिहीत. मंडळाचे सेक्रेटरी म्हणायचे, "काका गणपतीला हात जोडत नाहीत, पण काकांशिवाय आमचा गणपती बसत नाही." काका यावर हसायचे आणि पोलिसांच्या अर्जाची तिसरी प्रत कुठे आहे ते विचारायचे.

त्यांची नोकरी कोर्टात झाली. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की त्याला शपथ देणं हे त्यांचं काम होतं. निवृत्त झाल्यावर एका संध्याकाळी त्यांनी माझ्यापुढे दोन फोटो ठेवले. एकात चष्मा होता, एकात नव्हता.

"तुम्ही पेपरवाले. बॅनरवर कुठला बरा दिसेल?"

"कसला बॅनर?"

"आधी सोसायटीचा अध्यक्ष. मग नगरसेवक. नाक्यावर सगळ्यांचे फोटो लागतात, आपलाही एकदा लागावा असं वाटतं. वाईट आहे का?"

राजकारणी माणसाला मी हा प्रश्न हजार वेळा विचारला होता, की तुम्हाला पद कशासाठी हवंय. उत्तर नेहमी सेवेचंच मिळायचं. इथे समोरचा माणूस स्वतःहून सांगत होता की फोटोसाठी. माझा विश्वास बसेना. मी म्हणालो, "खरं कारण सांगा."

त्यांनी कपाटातून पुनर्विकासाच्या कराराचा मसुदा काढला. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. चाळीतल्या दुसऱ्या कुणी तो शेवटपर्यंत वाचला असेल असं मला वाटत नाही. मीही वाचला नव्हता. त्यांनी एका कलमावर बोट ठेवलं. रहिवाशांनी खोल्या आधी रिकाम्या करायच्या आणि बांधकामाच्या परवानग्या बिल्डर नंतर आणणार, असं त्यात होतं.

"हे उलटं करायचंय. सगळ्या परवानग्या हातात आल्याशिवाय एकही खोली रिकामी होणार नाही. करारावर अध्यक्षाची सही लागते. सही माझी असली तर ते ऐकतील."

"मग फोटोचं काय?"

"तोही पाहिजे. माणसाचा हेतू एकच असतो हे तुम्हा पेपरवाल्यांना कुणी शिकवलं?"

मला त्यांचा रागच आला.

आता आमच्या चाळीची एक रीत सांगायला हवी. आधीच्या दोन कमिट्या बिल्डरच्या पैशाला फुटल्याचा संशय होता. त्यामुळे असं ठरलं की अध्यक्षपदाच्या उमेदवाराने मंडळाच्या कार्यालयात गणपतीच्या तसबिरीपुढे हातात नारळ घेऊन बिल्डरचा पैसा न घेण्याची शपथ घ्यायची आणि मगच मतदान व्हायचं. काकांच्या विरोधात उभे होते मंडळाचे सेक्रेटरीच. बिल्डरवर त्यांचा भरवसा होता; तो त्यांच्या गावाकडचा होता, एवढंच त्याचं कारण.

आदल्या दिवशी मी काकांना समजावलं. "एक नारळ धरायचाय. अर्ध्या मिनिटाचं काम. निवडून या आणि कलम बदला."

"ज्याला मी माझा देव मानत नाही त्याची शपथ मी घेतली, तर ती खोटी होईल. खोटी शपथ घेऊन खरेपणाचं पद मागू?"

"मनात कृष्णाचं नाव घ्या."

"तुम्ही मला पळवाट सांगताय. कोर्टात असले सल्ले वकील देतात. आणि मंडळाच्या देवाचाही तो अपमानच."

सभेच्या दिवशी कार्यालय भरलं होतं. सेक्रेटरींनी नारळ घेतला, शपथ घेतली, टाळ्या मिळवल्या. काका उठले. नारळ टेबलावरच राहिला. खिशातून कागद काढून ते म्हणाले, "देवाच्या नावाने शपथ घ्यायची नसेल तर कोर्टात गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. कायद्यात दोन्हींची किंमत सारखी आहे. मी ती करतो."

"काका, हे कोर्ट नाय, चाळ आहे!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

दुसऱ्या मजल्यावरच्या मालवणी आजींना मनापासून वाईट वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "अवो काकानू, नारळ हातात घेवक काय जाता तुमचा? तुमी चांगले, ह्या आमका ठावक आसा. घेवा नि मोकळे होवा."

"आजी, चांगला आहे म्हणूनच नाही घेत."

"म्हणजे आम्ही घेतो ते वाईट काय?" सेक्रेटरींनी लगेच पकडलं. "पैसा घेतला असेल बिल्डरकडून, म्हणून हात थरथरतोय!"

हात थरथरत नव्हता. काकांनी प्रतिज्ञा सबंध वाचली. गलक्यात ती कुणाला ऐकू गेली नाही. त्यानंतर ते कलमाबद्दल बोलू लागले, पण तोवर लोक मतांच्या चिठ्ठ्यांच्या घड्या घालत होते. ते कलम मला माहीत होतं. मी उठून ते दोन वाक्यांत सांगू शकलो असतो. मी मागच्या खुर्चीत बसून कोण काय बोललं ते टिपत राहिलो.

काका हरले, आणि चांगलेच हरले. करार होता तसाच राहिला आणि त्यावर सही झाली. पुढच्या काही महिन्यांत खोल्या रिकाम्या झाल्या. कुणी दिव्याला गेलं, कुणी विरारला. काका मुलीकडे बदलापूरला गेले. निघताना त्यांनी सेक्रेटरींच्या हातात मंडपाच्या अर्जांची फाइल दिली आणि म्हणाले, "तिसरी प्रत विसरू नका."

चाळ पडली. प्लॉटभोवती निळे पत्रे लागले. परवानग्या मात्र आल्या नाहीत. त्या का आल्या नाहीत याची कारणं मी बातमीदार म्हणून गोळा केली. प्रत्येक कार्यालयाने दुसऱ्या कार्यालयाकडे बोट दाखवलं.

मागच्या महिन्यात आम्ही सगळे त्या पत्र्यांबाहेरच्या फूटपाथवर जमलो. कार्यालय उरलं नव्हतं, म्हणून सभा तिथेच झाली. सेक्रेटरींनी राजीनामा दिला. ते बरेच खंगलेले दिसत होते. त्यांनीच ठराव मांडला की काकांना अध्यक्ष करावं, सर्वानुमते, कसल्याही शपथेशिवाय. आजींनी हात सगळ्यांत आधी वर केला. ठरावाचा कागद पत्र्यावर टेकवून सेक्रेटरींनी काकांचं पूर्ण नाव लिहिलं आणि मला म्हणाले, "तुम्ही लावा फोन. मला लाज वाटते."

फोन मुलीने उचलला. मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"दादा, बाबांनी संन्यास घेतला. आश्रमात दीक्षा झाली. आता ते साधूंबरोबर गावोगाव फिरतात."

"परत कधी येतील?"

"संन्यास घेतल्यावर घरी येत नाहीत हो. फोनही इथेच ठेवून गेले, म्हणून तर मी उचलला."

"निरोप तरी देता येईल?"

"कुठे देणार?"

मी सगळ्यांना सांगितलं. आजींचा हात अजून थोडा वरच होता.

"मग ह्यावर सही कोणाची घेऊ?" सेक्रेटरींनी विचारलं. रस्त्यावरून ट्रक गेला, पत्रे हलले. ठरावाचा कागद उडू नये म्हणून त्यांनी तो तळहाताने पत्र्यावर दाबून धरला होता.