नाइस सर

आमच्या इंग्रजीच्या सरांना निबंधात ‘नाइस’ हा शब्द दिसला की ते खवळायचे. ‘माझे गाव नाइस आहे’ असे कुणी लिहिले, की त्यावर लाल काट पडे आणि समासात प्रश्न येई, ‘गावात आहे काय, ते लिही.’ पोरांनी त्यांचे नावच नाइस सर पाडले.

हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ अजाण असा होता, हे त्यांनी आम्हाला दरवर्षी सांगितले. अजाणचा झाला मूर्ख, मग चोखंदळ, मग नेमका, आणि शेवटी नुसता छान. “भातही नाइस, नवरीही नाइस. पायलं नसलं तरी बोलता येते,” ते म्हणत. मला हे मास्तरकीचे चोचले वाटत.

पुढे सरांचे गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेले आणि शेजारपाजार चार वसाहतींत पांगला. मूलबाळ नव्हते. नव्या घरात सर आणि काकू, दोघेच. मी वरठीला नोकरीत. सर रोज सकाळी मोबाइलवर फोटो धाडत. कधी धरणाचे पाणी, कधी बगळे. मी न उघडताच उत्तर टाकायचो, ‘नाइस’. त्यांचाच विद्यार्थी, आणि लाज म्हणून नाही.

एका सकाळी असेच उत्तर टाकले आणि दुपारी डबा खाताना सहज फोटो उघडला. काकूंच्या तसबिरीला हार होता. खाली लिहिले होते, ‘तिसरा दिवस.’

घास तसाच ठेवून मी घरी गेलो, वरण-भात बांधून घेतला आणि मोटारसायकल काढली. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी कडू घास आणतात आणि सोबत बसून दोन घास खातात. जुन्या गावात सरांकडे घरोघरचे डबे आले असते. इथे भाचा अग्नी देऊन परतला होता आणि सर बिस्किटांवर होते.

आम्ही समोरासमोर जेवलो. मला राहवले नाही. म्हणालो, “सर, चुकलो. मी फोटो पाहिलाच नव्हता.”

“मले मालूम आहे बापू. तू रोजच नाही पायत.”

“मग रोज धाडता काहून?”

त्यांनी ताटातला भात गोळा केला.

“उत्तर तं येते ना.”