जाळीतले देव

आमच्या बेलवलीच्या सोसायटीमागे डिस्क गोल्फचं मैदान आहे, असं बिल्डरच्या बोर्डावर अजून लिहिलेलं आहे. वाचलं की माझं डोकं फिरतं. हा खेळ कशाशी खातात हे इथे कुणालाच माहीत नव्हतं. फ्लॅट खपवायला बिल्डरने लोखंडी खांब रोवले, प्रत्येकावर एक जाळीची टोपली आणि तिच्या वर साखळ्यांची झालर. लांबून प्लॅस्टिकची चकती फेकायची, ती साखळ्यांना आपटून टोपलीत पडली पाहिजे. संपला खेळ.

सगळे हसले. माझी बायको मात्र खेळायला लागली. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं होतं, आणि बाई दारापर्यंत येईना. "उगाच काय गोल गोल फिरायचं? घाण्याचा बैल आहे का मी?" पण चकती फेकली की ती आणायला जावंच लागतं. अशी ती तासभर चालायची, आणि वर मला हरवायची. जिना चढताना तिला दम लागेनासा झाला.

फ्लॅट विकले गेले आणि बिल्डरने पाठ फिरवली. मग आपल्या लोकांनी हात धुऊन घेतले. साखळ्या उल्हासनगरच्या भंगारात गेल्या. एका खांबाला कुणी म्हैस बांधली. घराच्या लाद्या बदलणाऱ्यांनी फोडलेल्या लाद्या-विटांचं रॅबिट आणून ओतलं, त्यावर गाजरगवत माजलं. गटार फुटलं तेही नेमकं मधोमध. खिडक्यांतून वापरलेले डायपर खाली येतात, नीट गुंडाळून. संस्कार आहेत ना! किळस येते मला या माणसांची. चकती चिखलात पडली की मी ती काठीने ओढून काढायचो, बाटलीतल्या पाण्याने धुवायचो आणि शिव्या देत बायकोच्या हातात द्यायचो. "अहो, तोंड आवरा आणि फेका," ती म्हणायची. शेवटी कुंपणाकडेची एकच टोपली धड उरली. तेवढ्या एकीवर आम्ही भागवत होतो.

एका सकाळी त्या टोपलीत गणपतीची तसबीर दिसली, काच तडकलेली. देवाचा फोटो कचऱ्यात टाकायचा नसतो, आणि नदीपर्यंत जायचा कंटाळा. टोपली जमिनीपासून वर, म्हणजे देव पायदळी येणार नाही. झाली सोय! मग लक्ष्मी आली, दत्त आले, कुणाच्या तरी सत्यनारायणाचं निर्माल्य आलं. साखळीला लाल कापडात नारळ बांधला गेला. खाली डायपर, वर देव.

मी तसबिरी उचलायला गेलो तर बायकोने माझा हात धरला. तिने बूट काढले, हात जोडले.

"देवावर चकती फेकू का मी?" म्हणाली, आणि सरळ घरी आली. तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. परवा नुसती अंघोळ करून आली तरी तिला धाप लागली होती.

मी सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठलं.

"काका, देवाचा मॅटर आहे," तो म्हणाला. "हात कोण लावणार? फुकटचं लफडं होईल."

म्हणून काल गोणी घेऊन मीच गेलो. सगळे देव नदीवर पोचवायचे आणि टोपली मोकळी करायची, मग कोण काय करतं ते बघू. पहिली तसबीर हातात घेतली तोच खालच्या मजल्यावरची शेजारीण आली, उदबत्ती आणि साखरेची वाटी घेऊन. बायको हॉस्पिटलमध्ये असताना हिनेच मला दोन्ही वेळचा डबा दिला होता. वाटलं, आता ही ओरडणार.

"बरं झालं काका, तुम्ही पण यायला लागलात," ती म्हणाली. "काकू हल्ली खाली दिसतच नाहीत ना, म्हणून मी रोज इथे त्यांच्यासाठी उदबत्ती लावते. बघा, ऐकेल देव."

तिच्यावर खेकसावं असं फार वाटलं. मी तसबीर शर्टाने पुसली आणि परत टोपलीत ठेवली. तिने माझ्या हातावर साखर ठेवली. गटाराच्या वासात उभं राहून मी ती खाल्ली.