बाईंचं जाकीट

सगळी वस्ती माझ्या बायकोला 'बाई' म्हणते, म्हणून मीही म्हणतो. बाई ज्युडो शिकवतात. मी शिंपी. त्यांच्या हॉलच्या दारातच माझं मशीन आहे, आणि वर्गातली जाकिटं शिवायची, ठिगळं लावायची ती मीच.

ज्युडोत आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, खांद्यावरून गोल लोळायचं आणि गादीवर हाताचा सणसणीत फटका. बावीस वर्षं बाई स्वतः पडून दाखवत आल्या. कोण कसं पडतं हे मला न बघता कळतं. जाकिटाचा खांदा झिजला की पोरगी नीट पडतेय, कोपरं फाटली की घाबरतेय.

गेल्या वर्षी बाई घरात स्टुलावरून पडल्या आणि खांद्याचं हाड मोडलं. इतकी वर्षं गादीवर आपटून काही झालं नाही, आणि फळीवरची बरणी काढताना ही गत! मी हसलो, त्याबद्दल दोन दिवस बोलणी खाल्ली. हाड जुळलं, डॉक्टरांनी परवानगी दिली. तरी मी शिवून दिलेलं बाईंचं नवं जाकीट कोरंच राहिलं. वर्गात उभ्या राहून नुसतं तोंडाने शिकवायच्या. मला सगळं कळत होतं, पण विचारायचा धीर होईना.

मग एका सकाळी त्यांनी माझ्या हातात कागद ठेवला. 'महिनाअखेरीपासून वर्ग बंद.'

"दाराला लावा," म्हणाल्या. "जी स्वतः पडायला घाबरते, तिने पोरींना काय शिकवायचं?"

मी कागद मशीनच्या खणात टाकला. त्याच दुपारी टपालकाकू खांद्याला ठिगळ लावून घ्यायला आल्या. जन्मभर टपाल वाटून निवृत्त झालेल्या काकू साठीत वर्गाला आल्या होत्या. तीन महिने त्यांना पडताच येईना. बाई रोज शेजारी बसून म्हणायच्या, "गाठीकडे बघा. मी इथंच आहे."

माझ्या पोटात काही राहत नाही. मी कागद दाखवला.

संध्याकाळी काकू तडक बाईंसमोर जाऊन गादीवर बसल्या.

"बाई, खाली बसा. बसून सुरुवात करायची, तुम्हीच शिकवलंय."

"काकू, राहू द्या हो."

"मी साठाव्या वर्षी लाज सोडली. तुमची तर अजून पन्नाशीही नाही."

पोरी भोवती जमल्या. बाई बसल्या. आधी बसून पडल्या, मग उकिडवं बसून. मग उभ्या राहिल्या आणि तिथंच अडकल्या, मोडलेला खांदा दुसऱ्या हाताने घट्ट धरून. काकूंनी तो हात हळूच सोडवला.

"गाठीकडे बघा. मी इथंच आहे."

बाई लोळल्या. गादीवर असा फटका बसला की माझा पाय मशीनवर थांबला. पोरींनी हॉल डोक्यावर घेतला. बाई उठल्या आणि पुन्हा पडल्या. मग पुन्हा. पाच वेळा मोजलं मी. अभिमानाने ऊर भरून आला, लपवण्यात काय अर्थ आहे? डोळे पुसायला हाताशी गिऱ्हाइकाचं अस्तर होतं, तेच वापरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवी पोरगी जाकिटाचं माप द्यायला आली. खणातल्या त्या कागदाच्या पाठीवर मी ते लिहून घेतलं. तेवढ्यात बाईंचं जाकीट मशीनवर येऊन पडलं. खांद्याची शिवण बोटभर उसवलेली.

"दुहेरी टीप मारा," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी परत उसवणार आहे."