मास्तरांचा चौदावा धडा

जिन्यातल्या भांडणात मास्तरांनी खालच्या मजल्यावरच्या घड्याळजीला ढकललं. तो पडला तो उठलाच नाही. शिक्षा दहा वर्षांची झाली. सात वर्षांनी मास्तर सुटले, तेव्हा सख्ख्या बहिणीनेही दारातूनच वाटेला लावलं. एका इंग्रजीच्या क्लासवाल्याने तेवढं ठेवून घेतलं, तेही बजावून: "एक तक्रार आली की चालू लागायचं. मी धर्मशाळा काढलेली नाही."

चौदावा धडा शिकवायचं मास्तरांच्या जिवावर आलं होतं. तुरुंगाबद्दल बोलताना इंग्रजीत कोणत्या शब्दाशेजारी कोणता बसतो, त्याची यादी. ते सरळ पंधराव्याकडे वळले.

"चौदावा राहिला, सर." मागच्या बाकावरून नर्सिंगवाली म्हणाली. महिन्याभरात तिने तोंड उघडलं नव्हतं.

मास्तरांनी खडू उचलला. "सर्व्ह अ सेंटेन्स. शिक्षा भोगणे."

"वाक्यात घाला ना. दहा वर्षं घाला."

त्यांनी दहा लिहिले.

"पूर्ण भोगली?"

"अगं ताई, उदाहरण आहे ते!" कुणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला.

"मग लवकर सुटला तर काय म्हणायचं?"

"रिलीज्ड अर्ली," मास्तर फळ्याला सांगितल्यासारखं म्हणाले. "फॉर गुड बिहेव्हियर. चांगल्या वर्तनाबद्दल."

आता आवाज ओळखू आला. कोर्टात अकरा वर्षांची एक पोर आईला विचारत होती, "हाच का तो?"

"चांगलं वर्तन म्हणजे काय दिवे लावले त्याने?"

दारात क्लासवाला येऊन उभा होता. झाडू मारला, बाग केली, काहीही सांगता आलं असतं.

"इंग्रजी शिकवलं," मास्तर म्हणाले. "आतल्यांना."

आता कुणी हसलं नाही.

"म्हणजे माझ्या बापाच्या जिवाची तीन वर्षं तुम्ही ह्या असल्या जोड्या लावून कापून घेतलीत."

क्लासवाल्याने मास्तरांची पिशवी उचलून त्यांच्या हातात कोंबली. "निघा."

"ते जाणार नाहीत," ती म्हणाली. "ते गेले तर मी सगळ्यांच्या घरी जाऊन सांगेन, तुम्ही कुणाला ठेवलं होतंत ते. राहिलेली तीन वर्षं मी रोज इथे येऊन बसणार आहे. ह्याच बाकावर."

क्लासवाला मागे सरला. मास्तरांनी पिशवी परत खुर्चीला अडकवली. नोकरी टिकली होती.

तिने पान उलटलं. "पंधरावा कशावर आहे, सर?"

"हवामानावर."

"शिकवा."