पस्तीस टक्क्यांना पास

आमच्या गिरीज गावातल्या घरातला कॉम्प्युटर मुलांच्या शाळेच्या दिवसांत घेतलेला. मुलं मोठी झाली, लॅपटॉप घेऊन आपापल्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. हा मात्र कोपऱ्यात, क्रोशाच्या रुमालाखाली राहिला. चालू केला की आधी घरघरतो, मग विचार करतो आणि मूड असला तरच काम करतो. मी तो केव्हाच भंगारात काढला असता, पण त्यात सासूबाईंची गाणी होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बायका वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात. तेव्हा म्हणायची, आमच्या घरच्या बोलीतली गाणी. सासूबाईंना सगळी तोंडपाठ. त्या गेल्या त्याच्या थोडं आधी मी हट्टाने त्यांना माइकसमोर बसवून ती रेकॉर्ड करून घेतली होती. आता नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं, पोरींना गाणी शिकायची होती, आणि फाइल काही उघडेना. पडद्यावर नुसतं चक्र गरगरायचं. पेन ड्राइव्हवर घ्यायला गेलं तरी तेच.

नवऱ्याने निदान केलं की फाइलचे तुकडे डिस्कभर विखुरलेत, ते आधी एका जागी आणायला हवेत. डीफ्रॅग लावू. हे सासऱ्यांनी ऐकलं. ते निवृत्त शिक्षक, गावाचे मास्तर. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाय, तिच्या गाण्याचे तुकडे झाले?"

मला एकदम भरून आलं. गाणी शाबूत आहेत, फक्त पसरलीत, असं मी त्यांना पुन्हा पुन्हा समजावलं. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर आम्ही डीफ्रॅग लावलं, तेव्हा बाबा खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले ते बसलेच. दर थोड्या वेळाने मला स्वयंपाकघरात बातमी मिळायची, दहा टक्के झाले, बारा झाले. मधे एकदा आकडा हलेना तर चष्मा पुसून पाहिला म्हणे.

दुपारी मी वाडीतून केळफूल घेऊन आले तर पडदा काळा. भिंतीवरचं बटणही बंद. बाबा समाधानाने वर्तमानपत्र वाचत होते. कोणी बंद केलं, असं विचारलं तर म्हणाले, "मीच. पास झाला तो. पस्तीस टक्के."

पडद्यावर इंग्रजीत 'पास वन, थर्टी फाइव्ह पर्सेंट' असं आलं होतं. पास म्हणजे तिथे फेरी, ही पहिली, अशा बऱ्याच फेऱ्या असतात. पण जन्मभर पेपर तपासलेल्या माणसाने पास आणि पस्तीस हे दोन शब्द शेजारी शेजारी वाचल्यावर दुसरं काय समजायचं? हे शहाणपण मला आत्ता सुचतंय. त्या वेळी माझं डोकं इतकं सणकलं की केळफूल मी टेबलावर आपटलं. मग बाबांचा चेहरा पाहिला आणि माझा राग जागच्या जागी विरला. काय झालंय ते त्यांच्या लक्षात आलं होतं. हातातलं वर्तमानपत्र त्यांनी घडी घालून बाजूला ठेवलं.

नवऱ्याने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. तो घरघरला, कुरकुरला, पण उठला. फाइल जागेवर होती. डीफ्रॅग पहिल्यापासून लावलं. बाबांना मी सांगितलं, आता तुम्ही पर्यवेक्षक, परीक्षा संपेपर्यंत बटणाला कोणाला हात लावू देऊ नका. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की नातवंडांचा फोन आला तर हळू आवाजात बोलले.

दिवेलागणीनंतर ते संपलं. मी फाइल उघडली. या वेळी चक्र जरासं फिरलं आणि थांबलं. आधी खरखर, मग बांगड्यांचा आवाज. आणि मग गाण्याच्या आधी सासूबाई बोलल्या. हे रेकॉर्ड झालेलं मी साफ विसरले होते.

"मास्तर, तो पंखा बंद करा. त्याच्या आवाजात माझं काय ऐकू येणार?"

आमच्या डोक्यावरचा पंखा चालूच होता. बाबा उठले आणि त्यांनी तो बंद केला.