सीतेच्या वेणीला युरिया

काय अवदसा आठवली म्हणून सांगू! बायकोच्या डोहाळजेवणाच्या तोंडावर मी जे करून बसलो, त्यानं आयुष्यातून उठलो हो!

आमचं गाव कुंडल, धंदा उसाचा. सासुरवाडी शिराळ्याच्या वरच्या डोंगरात. तिकडं आंब्याच्या फांदीवर ‘सीतेची वेणी’ वाढते. पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा वीतभर घोस! त्यांच्या घरात प्रत्येक लेकीच्या डोहाळजेवणाला हाच घोस केसांत माळायचा. पण रान तुटत गेलं आणि उरला एकच गड्डा. तो मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एसटीतून मांडीवर घेऊन आणला आणि आमच्या बांधावरच्या आंब्याला काथ्यानं बांधला.

"जावईबापू, ह्येला माती नगं, खत नगं. वाऱ्यावर जगतंय. जेठात फुलंल बगा."

वाऱ्यावर? अहो, बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरलेला. उघडी मुळं दिसली की मी आधी त्यांवर माती ओढायचो. आणि ही तर बिचारी हवेत लोंबकळत होती!

मामांची एसटी हलली आणि मी कामाला लागलो. गोणपाटात काळी माती आणि शेणखत भरून मुळांभोवती आवळलं. वर मूठभर युरिया. विहिरीवर नवीनच मोटार बसवलेली, तिचा पाइप थेट फांदीवर सोडला!

शेजारचा गणपा ओरडला, "आरं गड्या, आंब्याला आंगूळ घालतूयास व्हय?"

"गप रं! तुला काय कळतंय त्यातलं?"

मला फार कळत होतं ना!

पानं पिवळी पडली. मला वाटलं, खत कमी पडलं. घातला आणखी युरिया! शेवटी गोणपाट सोडलं, तर आत नुसता काळा, घाण वासाचा चिखल.

शालन, माझी बायको, पोट सावरत झाडाखाली आली आणि तिथंच बसून रडली. मी धावत डोंगर गाठला. मामांबरोबर सगळं रान पालथं घातलं. एक पान मिळेल तर शपथ!

"शेवटचीच हुती ती," मामा एवढंच म्हणाले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

डोहाळजेवणाला शालननं अबोली माळली. बायका गाणी म्हणत होत्या आणि मी गोठ्यात तोंड लपवून बसलो होतो. रडू येत होतं, खोटं कशाला सांगू?

पुढं मुलगी झाली. मामांनी दुपट्यात गुंडाळलेली पोर माझ्याकडं धरली. मी हात पुढं केले, तोच खाटेवरून शालन ओरडली,

"आबा, ह्यांच्याकडं नगं! जगू द्या पोरीला!"