सुभद्राबाईंनी निवडलेला कान

सुभद्राबाई भोयर महाल वस्तीत साड्यांना फॉल-पिको करतात. उजव्या कानाने त्यांना लहानपणापासून ऐकू येत नाही. डाव्याने, कानाशी मोठ्यानं बोललेलं तेवढं कळायचं. डॉक्टर म्हणाले, डाव्या कानाला शब्दांची सवय आहे, ऐकण्याचं यंत्र ऑपरेशन करून त्यातच आत बसवू. त्यात त्या कानाचं उरलेलं ऐकणं मात्र बहुतेक जाईल.

“हाय तेही घालवू काय?” सुभद्राबाई म्हणाल्या.

“काहून हट्ट करून राहिली वं आई? डॉक्टरले तुह्यापेक्षा कमी समजते काय?” मुलगी मिनल त्यांच्या कानाशी ओरडली.

सुभद्राबाई बधल्या नाहीत. ऑपरेशन उजव्या कानाचं झालं.

वर्षभर सराव केला. उजव्या कानात आवाज येतात, शब्द कळत नाहीत. मिनलची हाक आणि रस्त्यावरचा हॉर्न सारखेच वाटतात. या उन्हाळ्यात डावा कानही गेला. त्यात यंत्र बसवायला डॉक्टर अजून तयार आहेत. मिनल कागदावर लिहून विचारते. सुभद्राबाई वाचतात आणि पुढची साडी घेतात.